लग्नमंडपातील सूर

प्रस्तावना

लग्नसमारंभ हा कुटुंबाच्या जीवनातील आनंदाचा आणि तितकाच मोठ्या खर्चाचा प्रसंग असतो. जेवणावळ, कपडेलत्ते, दागदागिने, मानपान यांचा विचार घरोघरी बारकाईने केला जातो. मांडवात कोणते संगीत वाजावे, याचा विचार मात्र क्वचितच होतो. लग्नातील संगीताची आणि पाहुण्यांच्या मनोरंजनाची निवड कोणत्या कसोटीवर करावी, याविषयीचे एक मत प्रस्तुत लेखात मांडले आहे. लेख वाचताना आपल्या पाहण्यातील लग्ने आठवावीत आणि लेखातील मत आपल्याला कितपत पटते, हे ताडून पाहावे.

लग्न ठरले की घरात याद्या होऊ लागतात. आमंत्रणे कोणाला द्यायची, पंगतीत कोणती पक्वान्ने ठेवायची, आहेर कोणाला कसला करायचा, याची खलबते रात्र रात्र चालतात. वाजंत्रीचा विषय मात्र बहुधा शेवटी निघतो आणि दोन वाक्यांत संपतो. ‘शेजारच्या लग्नात जे होते, त्याहून मोठे आणा,’ असे कोणीतरी म्हणते आणि दुसऱ्या दिवशी कोणालातरी इसार दिला जातो. अशा निवडीत ‘मोठे’ या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो, तो म्हणजे मोठा आवाज. ज्या गोष्टीमुळे साऱ्या समारंभाला रूप येते, ती गोष्ट अशा रीतीने केवळ ईर्ष्येवर सोपवली जाते.

वास्तविक आपल्या परंपरेने या विषयाचा विचार फार पूर्वीच केलेला आहे. महाराष्ट्रातील अनेक घरांत लग्नाच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या एका प्रचलित मंगलाष्टकात, मुहूर्ताची घटका जवळ आली असता वाजंत्र्यांनी फार गलबला करू नये, अशी स्पष्ट सूचना आहे. वाजंत्री हवीच, पण ती केव्हा वाजावी आणि केव्हा थांबावी, याला मर्यादा आहे, हा विचार त्या सूचनेमागे दिसतो. अंतरपाटाच्या दोन्ही बाजूंना वधूवर उभे असतात. प्रत्येक मंगलाष्टकाच्या शेवटी ‘सावधान’ हा शब्द येतो, अक्षता पडतात आणि शेवटचे मंगलाष्टक संपून अंतरपाट दूर झाला की मगच ताशा-सनईचा एकच कल्लोळ उठतो. त्या कल्लोळाला अर्थ येतो तो आधीच्या शांततेमुळे. समर्थ रामदासांविषयीची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. बोहल्यावर उभे असताना ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच ते मांडव सोडून निघून गेले, असे सांगतात. आख्यायिकेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट मान्य करावी लागेल. तो शब्द त्यांना ऐकू आला होता. आजच्या अनेक मांडवांत तो ऐकू येईलच, अशी खात्री देता येत नाही.

लग्नातील संगीत हे पूर्वी केवळ करमणुकीसाठी नव्हते. प्रत्येक विधीचे एक गाणे होते आणि ते गाणारी माणसे घरचीच होती. घाणा भरताना, हळद दळताना, हळद लावताना, तेलवण काढताना बायका गाणी म्हणत. जात्यावरच्या ओव्यांतून माहेरची माया आणि सासरची धास्ती या दोन्ही गोष्टी बोलल्या जात. पंगतीत श्लोक म्हटले जात, विहिणींना टोमणे मारणारी गाणी होत आणि नाव घेताना उखाण्यांची चढाओढ लागे. पाहुणा नुसता ऐकणारा नसे. तो गाणाराही असे. पाहुण्यांचे मनोरंजन पाहुणेच करीत.

या गाण्यांची परंपरा किती जुनी आहे, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. तेराव्या शतकातील महानुभाव पंथीय कवयित्री महदंबा ही मराठीतील आद्य कवयित्रींपैकी एक मानली जाते. तिची प्रसिद्ध रचना म्हणजे ‘धवळे’. धवळे म्हणजे लग्नप्रसंगी गायची गाणी. श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहोत्सवाच्या निमित्ताने तिने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे गायिले. म्हणजे मराठी स्त्रीच्या काव्याचा एक प्रारंभ लग्नमंडपातच झाला, असे म्हणता येते. रायगड-ठाणे परिसरातील आगरी समाजात आजही लग्नाची पारंपरिक गाणी म्हणणाऱ्या स्त्रीला ‘धवलारीण’ म्हणतात. वारली समाजात लग्नविधी लावणारी स्त्री ‘धवळेरी’ या नावाने ओळखली जाते आणि ती हे विधी गाण्यांतून पार पाडते. सातशे वर्षांपूर्वीचा शब्द थोड्याफार फरकाने अजून मांडवात वावरतो आहे. भाषेचा इतका जुना ठेवा ज्या प्रसंगाने सांभाळला, त्या प्रसंगातून शब्दच हद्दपार व्हावेत, ही साधी गोष्ट नव्हे.

महाराष्ट्राबाहेर पाहिले तरी हेच दिसते. पंजाबात मुलीच्या घरी ‘सुहाग’ आणि मुलाच्या घरी ‘घोडी’ ही गाणी म्हटली जातात. ढोलाच्या तालावर गिद्धा रंगतो. बंगालमध्ये मंगलप्रसंगी स्त्रिया तोंडाने उलूध्वनी काढतात. राजस्थानच्या जैसलमेर आणि बाडमेर भागांत मांगणियार कलावंत आपल्या यजमानांच्या घरी जन्म आणि विवाह या प्रसंगी पिढ्यान्‌पिढ्या गात आले आहेत. कमायचा आणि खडताल यांच्या साथीने गाणारे हे कलावंत धर्माने मुसलमान आणि त्यांचे अनेक यजमान हिंदू. पण यजमानाच्या घरचे मंगलकार्य त्यांच्या गाण्यावाचून पुरे होत नाही. गोव्यातील ख्रिस्ती लग्नात आदल्या दिवशी ‘रोस’ हा नारळाच्या रसाचा विधी होतो आणि त्या वेळी पारंपरिक कोकणी गीते गायिली जातात. दुसऱ्या दिवशी स्वागतसमारंभात बँडच्या साथीने पाहुणे नृत्य करतात. तमिळनाडूत नादस्वरम् आणि तविल यांच्या संगतीत विवाह होतो. तेथे मंगळसूत्र बांधण्याच्या क्षणी वादक एकदम द्रुत आणि मोठ्या आवाजात वाजवतात. त्याला ‘गेट्टी मेळम्’ म्हणतात. त्या क्षणी कोणताही अशुभ शब्द कानी पडू नये, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो.

हे शेवटचे उदाहरण महत्त्वाचे आहे. मोठा आवाज हा मुळातच वाईट असतो, असे परंपरेने कधीच म्हटलेले नाही. ढोल, हलगी, ताशा, संबळ, तविल ही वाद्ये दूरवर ऐकू जावीत म्हणूनच घडवली गेली. गावाला लग्नाची वर्दी देणे, हे त्यांचे कामच होते. परंतु त्या आवाजाला वेळ होती आणि तो थांबतही असे. वाजवणाऱ्याचा हात थकतो, सनईवाल्याचा दम पुरत नाही. म्हणून माणसाने वाजवलेल्या वाद्याला विश्रांती घ्यावीच लागते. यंत्राला ती लागत नाही. अडचण सुरू होते ती येथून.

ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या करून वाजवल्या जाणाऱ्या संगीताने गेल्या काही दशकांत लग्नाच्या वरातीचे रूप बदलून टाकले आहे. या बदलामागे कारणे आहेत आणि त्यांचा विचार न करता केवळ नाके मुरडणे योग्य होणार नाही. तरुणांना नाचायचे असते आणि लग्नात नाचणे हा त्यांचा हक्कच आहे. वाजंत्र्यांचा मोठा ताफा आणण्यापेक्षा एक वाहन आणि एक माणूस पुष्कळदा स्वस्त पडतो. हवे ते गाणे हवे तेव्हा लावता येते. शिवाय तो व्यवसाय करणारा तरुणही कर्ज काढून यंत्रे घेतो आणि चार महिन्यांच्या हंगामावर वर्ष काढतो. त्याचेही पोट त्यावरच असते. ही सारी बाजू खरी आहे. तरीही तिच्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न शरीराचा आणि शेजाऱ्यांचा. दुसरा प्रश्न समारंभाच्या हेतूचा.

पहिल्या प्रश्नाचा हिशेब मांडता येतो. आवाजाची पातळी डेसिबल या एककात मोजतात. साधे संभाषण सुमारे ६० डेसिबलच्या आसपास असते. डेसिबलचा आकडा १० ने वाढला की ध्वनीची तीव्रता १० पट होते. म्हणून ६० आणि १०० यांतील अंतर आकड्यांत दिसते त्याहून कितीतरी मोठे असते. कामगारांच्या श्रवणरक्षणासाठी प्रचलित असलेल्या एका हिशेबानुसार ८५ डेसिबलच्या आवाजात माणसाने दिवसाकाठी आठ तासांहून अधिक राहू नये आणि पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलच्या आवाजात ही मुदत अवघी पंधरा मिनिटे उरते. वरात तर दोन-दोन, तीन-तीन तास चालते. तिच्यापुढे लहान मुले नाचतात, कडेवर तान्ही बाळे असतात आणि वाटेतल्या घरांत आजारी माणसे व परीक्षेचा अभ्यास करणारी मुले असतात. कानातील ज्या सूक्ष्म पेशींना इजा होते, त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. एका संध्याकाळच्या हौसेसाठी ही किंमत फार मोठी आहे.

कायद्यानेही याबाबत मर्यादा घातल्या आहेत. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या सभोवतालचे १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता क्षेत्र ठरवता येते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या शांततेचा नागरिकाचा हक्क ठामपणे मान्य केला. कायदा पोलिसांच्या भीतीने पाळण्यापेक्षा शेजारधर्म म्हणून पाळला, तर मंगलकार्याची शोभा वाढते. ज्यांच्या दारावरून वरात जाते, त्यांनी खिडक्या लावून घ्याव्यात, की दारात येऊन कौतुकाने पाहावे, हे अखेर वरातीच्या यजमानांवर अवलंबून असते.

दुसरा प्रश्न याहून खोल आहे. लग्नाला माणसे कशासाठी येतात? जेवण घरीही मिळते आणि गाणी तर आता प्रत्येकाच्या खिशातील दूरध्वनीत असतात. माणसे येतात ती माणसांना भेटण्यासाठी. परगावी दिलेली बहीण, नोकरीनिमित्त दूर गेलेला मित्र, वर्षानुवर्षे न भेटलेला मामा, जुने शेजारी, अशी सारी नाती एका मांडवाखाली एकत्र येण्याचे प्रसंग आयुष्यात मोजकेच असतात. वयोवृद्ध माणसांच्या बाबतीत तर ती शेवटची भेटही ठरू शकते. अशा वेळी शेजारी बसलेल्या माणसाशी बोलण्यासाठी ओरडावे लागत असेल, तर मनोरंजनाच्या नावाखाली पाहुण्यांचा मुख्य आनंदच हिरावून घेतला, असे म्हणावे लागेल. ज्याला कमी ऐकू येते, त्या आजोबांना तर अशा गोंगाटात कोणाचेच बोलणे समजत नाही आणि ते भरल्या मांडवात एकटे पडतात.

म्हणून लग्नातील संगीताची कसोटी एकच असावी. त्या संगीतात माणसांचे शब्द ऐकू येतात का? वधूवरांची वचने, वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद, मैत्रिणींची थट्टा, वादकाचा सूर आणि दोन नातेवाइकांच्या सुखदुःखाच्या गोष्टी या साऱ्यांना जागा देणारे संगीत चांगले. त्यांना गिळून टाकणारे संगीत, मग ते कितीही महागडे असो, त्या प्रसंगाला शोभणारे नव्हे.

या विचाराला महाराष्ट्राच्या समाजसुधारणेच्या इतिहासातही आधार सापडतो. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी, २५ डिसेंबर रोजी, पहिला सत्यशोधक विवाह झाला. पुरोहितावाचून आणि अल्प खर्चात होणाऱ्या या विवाहपद्धतीसाठी फुल्यांनी मराठी मंगलाष्टके रचली. त्यांत वधू आणि वर परस्परांशी बोलतात. स्त्रियांच्या हक्कांविषयी वधू वराकडे मागणी करते आणि वर तिला वचन देतो. लग्न म्हणजे दोन माणसांनी सर्वांच्या साक्षीने एकमेकांना दिलेला शब्द आहे, ही गोष्ट तेथे स्पष्ट होते. साक्षीदारांना तो शब्द ऐकू आला नाही, तर साक्ष कसली? धार्मिक पद्धतीचे लग्न असो, सत्यशोधक असो वा नोंदणी पद्धतीचे असो, बोलल्या जाणाऱ्या शब्दाचे महत्त्व सर्वत्र सारखेच आहे.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळता येईल. समारंभाचे टप्पे वेगळे असतात, म्हणून संगीतही टप्प्यांप्रमाणे वेगळे असावे. सकाळी पाहुणे येऊ लागतात, तेव्हा सनई-चौघड्यासारखे प्रसन्न संगीत शोभते. दोन सनईवाले, एक सूर धरणारा आणि एक चौघडा वाजवणारा एवढी माणसे मध्यम आकाराच्या कार्यालयाला पुरतात. बंदिस्त जागेत त्यांना बहुधा ध्वनिक्षेपकाचीही गरज लागत नाही. मंगलाष्टकांच्या वेळी सर्व वाद्ये थांबावीत. ती परंपरेने शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. घरातील ज्या कोणाचा गळा बरा आहे, त्याने किंवा तिने ती आधी चार दिवस म्हणून पाहिली, तरी पुरे होते. जेवणाच्या वेळी संगीत नसले तरी चालते आणि असलेच तर ते मंद असावे. संध्याकाळी हौस असेल तर गाण्यांचा कार्यक्रम किंवा वाद्यवृंद ठेवावा. परंतु ज्यांना ऐकायचे नाही त्यांना निवांत बसून बोलता येईल, अशी जागा कार्यालयात दुसरीकडे मोकळी ठेवावी. ज्या घरात गोंधळाची चाल आहे, तेथे संबळ आणि तुणतुणे घेऊन येणारे गोंधळी रात्री आख्यान रंगवतात. विधी आणि मनोरंजन यांचा तो सुंदर मेळ असतो. वरातीसाठी हलगी, ढोल-ताशा, बेंजो, ब्रास बँड, कोकणातील खालू बाजा असे अनेक पर्याय आहेत. त्यांच्या तालावर मनसोक्त नाचता येते. फक्त मार्ग आखडता ठेवावा, वेळ ठरवावी आणि रुग्णालयाजवळ वादन थांबवावे.

घरातील माणसांची आवडही ध्यानात घ्यावी लागते. आज दोन भाषांची, दोन प्रांतांची लग्ने पुष्कळ होतात. इंदूर, बडोदे, हैदराबाद, तंजावर येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांत तर स्थानिक वाद्ये आणि मराठी मंगलाष्टके सहज एकत्र नांदू शकतात. दोन्हीकडच्या ज्येष्ठ स्त्रियांना आपापली दोन-दोन गाणी म्हणायला सांगितली, तर अनोळखी कुटुंबांतील संकोच जितका लवकर गळून पडतो, तितका तो दुसऱ्या कशानेही गळत नाही. त्या गाण्यांचे शब्द समोरच्यांना समजले नाहीत, तरी भाव समजतो.

या निवडीत पैशाचा प्रश्न टाळून चालणार नाही. लग्नासाठी काढलेले कर्ज फेडण्यात कित्येक कुटुंबांची उमेदीची वर्षे जातात आणि त्या खर्चाचा भार बहुधा मुलीच्या बापावर पडतो. जे क्षणभर ऐकू येऊन विरून जाते, त्यासाठी जमीन गहाण टाकणे शहाणपणाचे नव्हे. ज्याच्याजवळ बेताचा पैसा आहे, त्याने एकच टप्पा निवडावा आणि त्याच वेळेपुरते वादक बोलवावेत. तेही शक्य नसेल, तर गावातील भजनी मंडळ, पेटी-तबला वाजवणारा एखादा स्नेही, शाळेचे लेझीम पथक, घरच्या बायकांची हळदीची गाणी यांतूनही मांडव भरून जातो. अशा लग्नात काही उणे राहिले, असे पाहुण्यांना वाटत नाही; उलट पुष्कळ वर्षांनी त्याच लग्नाची आठवण निघते.

ज्यांना वादक बोलवायचे आहेत, त्यांच्यावर एक मोठी जबाबदारी येते. ती म्हणजे वाजवणाऱ्याचा मान राखण्याची. या बाबतीत आपल्या समाजाचा इतिहास अभिमानास्पद नाही. सनई, हलगी, ताशा वाजवण्याचे काम गुरव, घडशी, मातंग, नाभिक अशा समाजांकडे परंपरेने आले. ज्यांच्या वादनावाचून मुहूर्त साजरा होत नसे, त्यांतील अनेकांना मांडवाच्या दाराशीच थांबावे लागे आणि पंगती उठल्यावर उरलेले अन्न वाट्याला येई. कला मंगल, पण कलावंत मात्र बाहेरचा, अशी ही विसंगती होती. ती पूर्णपणे संपली, असे आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

याच मंगलवाद्याने काय उंची गाठली, हे उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांच्या जीवनात दिसते. १९१६ साली बिहारमधील डुमराव येथे जन्मलेल्या आणि काशीत वाढलेल्या या कलावंताने लग्नाच्या मांडवातील सनईला संगीतसभेच्या व्यासपीठावर मानाचे स्थान मिळवून दिले. १९४७ साली देश स्वतंत्र झाला, तेव्हा दिल्लीच्या लाल किल्ल्यावर त्यांची सनई वाजली. २००१ साली त्यांना ‘भारतरत्न’ हा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. २००६ साली त्यांचे निधन झाले. धर्माने मुसलमान असलेल्या या कलावंताची सनई काशीच्या देवळांतही घुमली. लग्नाच्या दारात बसून वाजवणारा प्रत्येक सनईवाला बिस्मिल्ला खाँ नसतो, हे उघड आहे. पण त्याच्या हातातील वाद्य तेच असते आणि त्यामागची साधनाही अनेक वर्षांची असते. दोन पात्यांच्या मधून फुंकर घालून सूर लावणे आणि तो तासन्‌तास टिकवणे, हे काम फुप्फुसांची आणि ओठांची परीक्षा पाहणारे आहे.

हा मान शब्दांनी नव्हे, तर व्यवहाराने राखायचा असतो. सुपारी देतानाच किती माणसे येणार, किती वेळ वाजवणार, मध्ये विश्रांती किती, प्रवासखर्च कोणाचा, मुक्काम कोठे, इसार किती आणि उरलेली बिदागी केव्हा देणार, हे सारे ठरवून कागदावर लिहून ठेवावे. दोन्ही बाजूंनी सही करावी. त्यामुळे यजमानाचीही फसवणूक होत नाही. वादकांना बसण्यासाठी सावली आणि पिण्यासाठी पाणी द्यावे. त्यांचे पान पाहुण्यांच्याच पंगतीत मांडावे. वेळ वाढली, तर त्याचा मोबदला आधीच बोलून घ्यावा. नशेत नोटा उधळून, वादकाला त्या जमिनीवरून वेचायला लावणे, हा त्याचा आणि पैशाचाही अपमान आहे. वरातीत डोक्यावर दिवे घेऊन चालणाऱ्या मजुरांकडे तर कोणाचे लक्षही जात नाही. त्यांत एखादे शाळकरी मूल नाही ना, हे पाहणेही यजमानाचे कर्तव्य आहे. बिदागी कार्य संपताच, मोजून आणि दोन्ही हातांनी द्यावी. मंगलकार्यातून कोणीही दुखावून जाऊ नये, हा संकेत पाहुण्यांपुरताच नाही. तो वाजंत्र्यांनाही लागू आहे.

जिवंत संगीताच्या बाजूने सर्वांत मोठा मुद्दा हाच आहे. यंत्रावर गाणे लावले की गाणे ऐकू येते, पण समोर माणूस नसतो. वाजवणारा माणूस समोर असला, की तो मांडवाकडे पाहून वाजवतो. वधू निघताना तो सूर खाली आणतो, मुले नाचू लागली की ताल वाढवतो, कोणी थकलेले दिसले की थांबतो. समारंभाचा भाव ओळखून तो स्वतःला आवरतो आणि खुलवतो. ही जाण विकत घेतलेल्या आवाजात नसते. त्याचबरोबर त्याला दिलेल्या बिदागीतून एका घराची चूल पेटते, एका मुलाला बापाचे वाद्य शिकावेसे वाटते आणि एक कला आणखी एका पिढीपुरती जगते. अशा कलांच्या रक्षणासाठी महोत्सव आणि पुरस्कार आवश्यक आहेतच. परंतु ज्या मांडवाने या वाद्यांना शतकानुशतके पोसले, त्या मांडवाने पाठ फिरवली, तर केवळ पुरस्कारांवर ती तग धरू शकणार नाहीत.

लग्न दोन कुटुंबांचे असले, तरी त्याचा सूर साऱ्या गावाच्या कानी पडतो. तो सूर कोणाला बोलावतो आणि कोणाला घालवून देतो, एवढे जरी याद्या करताना पाहिले, तरी निवड बहुधा चुकत नाही. मुहूर्ताच्या क्षणी मांडव शांत झाला, वचने सर्वांना ऐकू आली, नंतर वाजंत्री वाजली, आजोबांना नातवाशी बोलता आले आणि वादक पोटभर जेवून समाधानाने घरी गेला, तर ते लग्न थाटातच झाले असे समजावे.

विचार करा आणि लिहा

१. लेखात लग्नातील संगीताची कोणती कसोटी सांगितली आहे? ती आपल्याला योग्य वाटते का? सकारण लिहा.
२. ‘त्या कल्लोळाला अर्थ येतो तो आधीच्या शांततेमुळे,’ या विधानाचा आशय आपल्या शब्दांत स्पष्ट करा.
३. ध्वनिक्षेपकावरील संगीताच्या बाजूने लेखात कोणते मुद्दे मान्य केले आहेत? त्यांत आपण आणखी कोणता मुद्दा घालाल?
४. आपल्या घरी किंवा परिसरात लग्नाच्या वेळी म्हटली जाणारी गाणी वडीलधाऱ्यांकडून ऐकून लिहून काढा. ती कोणत्या विधीच्या वेळी म्हटली जातात, तेही नोंदवा.
५. लग्नासाठी सनईवादकांना बोलवायचे आहे, अशी कल्पना करून वेळ, बिदागी, भोजन व प्रवास यांचा उल्लेख असलेले पत्र लिहा.